पिवळं किट, ५७ गोळ्या: सुरक्षा क्लिनिकमधल्या ओटीपोटाच्या उपचाराचं परीक्षण

ओटीपोटात ठणकतं, कंबर भरून येते, अंगावरून पिवळसर जातं, संबंधाच्या वेळी आत दुखतं, पाळी नसताना मध्येच डाग पडतो. अशा तक्रारी घेऊन सरकारी सुरक्षा क्लिनिकमध्ये (लैंगिक आजारांवर उपचार करणाऱ्या केंद्रात) गेलेल्या बाईला तपासणीनंतर बहुतेकदा एक पिवळं खोकं मिळतं. तिथले कर्मचारी त्याला ‘सहा नंबरचं किट’ म्हणतात. आत सेफिक्झिम ४०० मिलिग्रॅमची १ गोळी, मेट्रोनिडाझोल ४०० मिलिग्रॅमच्या २८ आणि डॉक्सिसायक्लिन १०० मिलिग्रॅमच्या २८ गोळ्या किंवा कॅप्सूल असतात. एकूण ५७. पैसे लागत नाहीत.

किट चांगलं आहे आणि गरजू बाईने ते निर्धास्त घ्यावं, हे आमचं मत आधीच सांगून टाकतो. पण बाईला टेबलावर न तपासता, नुसत्या दोन प्रश्नांवर ते दिलं, तर ते चुकीच्या बाईच्या हातात जायला वेळ लागत नाही. म्हणून या परीक्षणात खोक्यापेक्षा तपासणीला जास्त जागा दिली आहे.

नॅकोने, म्हणजे केंद्र सरकारच्या राष्ट्रीय एड्स नियंत्रण संस्थेने, लैंगिक आजारांसाठी सात रंगांची सात किट ठरवली आहेत. लक्षणांचा गट ओळखायचा आणि त्या गटात जे जंतू असू शकतात त्या सगळ्यांवर पहिल्याच भेटीत औषध द्यायचं, अशी ही पद्धत. क्लॅमिडिया आणि गोनोरिया हे संबंधातून पसरणारे दोन संसर्ग पक्के ओळखणारी नॅट तपासणी तालुक्याच्या ठिकाणी सहसा होत नाही, आणि खाजगी प्रयोगशाळेत तिला काही हजार रुपये पडतात. अहवालासाठी ‘चार दिवसांनी या’ म्हटलं की मजुरीवर जाणारी बाई परत येत नाही, कारण तिचा रोज बुडतो. त्यामुळे या पद्धतीत थोडं जास्तीचं औषध पोटात जातं हे मान्य करूनही आम्ही या पद्धतीच्या बाजूने आहोत.

बायकांचा संबंध मुख्यतः तीन रंगांशी येतो. हिरव्या किटमध्ये सेक्निडाझोल २ ग्रॅम आणि फ्लुकोनाझोल १५० मिलिग्रॅम असतं. ते योनीमार्गातल्या बुरशीवर, ट्रायकोमोनास या सूक्ष्म परजीवीवर आणि तिथल्या जंतूंचा समतोल बिघडल्यावर काम करतं. राखाडी किटमध्ये सेफिक्झिम ४०० मिलिग्रॅम आणि अझिथ्रोमायसिन १ ग्रॅम असतं. गर्भाशयाच्या मुखाशी संसर्ग असेल तर ते द्यायचं. हाच संसर्ग वर चढून गर्भाशय, गर्भनलिका आणि बीजकोशांपर्यंत गेला, म्हणजे ओटीपोटात आतून सूज आली, की पिवळं. अंगण, उंबरठा आणि माजघर असा हा हिशोब आहे. चोर माजघरात शिरल्यावर अंगणात पाणी शिंपडून भागत नाही. बाहेरच्या भागावर जखम किंवा फोड असतील तर पांढरं, निळं किंवा लाल किट लागतं, तो विषय वेगळा.

हिरवं द्यायचं, राखाडी द्यायचं की पिवळं, हे बाईच्या सांगण्यावरून कळत नाही. ‘पांढरं जातं’ हे शब्द तिन्हीकडे तेच असतात, आणि पाळीच्या मध्यावर जाणारा पारदर्शक, तार धरणारा स्राव हा तर आजारच नव्हे. म्हणून टेबलावरची तपासणी कशी व्हायला हवी, हे बाईला आणि तिच्यासोबत जाणाऱ्यांना माहीत असावं.

आधी लघवी करून यायला सांगतात. मूत्राशय भरलेलं असेल तर हात लावताच दुखतं आणि डॉक्टरांची फसगत होते. तीच लघवी गरोदरपणाच्या चाचणीला वापरायची. ही चाचणी झाल्याशिवाय पिवळं किट देऊ नये. मग पाण्याने ओला केलेला स्पेक्युलम (योनीमार्ग उघडून धरणारं साधन) आत जातो आणि चांगल्या उजेडात गर्भाशयाचं मुख पाहिलं जातं. कापसाच्या काडीने ते पुसल्यावर काडीवर पिवळा पू दिसला, किंवा नुसत्या स्पर्शाने रक्त आलं, तर संसर्ग मुखाशी आहे. दह्यासारखा घट्ट, खाज आणणारा स्राव बुरशीकडे बोट दाखवतो. हिरवट, फेसाळ स्राव ट्रायकोमोनासचा, तर पातळ, करडा आणि माशासारखा वास मारणारा स्राव जंतूंचा समतोल बिघडल्याचा. स्रावाचा पीएच (आम्लतेचं माप) ४.५ च्या वर आहे का, पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकल्यावर तो वास उसळतो का, हे पाहायला दोन मिनिटं पुरतात. स्राव सलाइनच्या थेंबात मिसळून घेतलेली काचपट्टी मात्र लगेच सूक्ष्मदर्शकाखाली जायला हवी. ती थंड पडली की ट्रायकोमोनासची हालचाल थांबते आणि तो असून दिसत नाही.

त्यानंतरची तपासणी पिवळ्या किटचा निर्णय करते, आणि घाईच्या ओपीडीत नेमकी तीच गाळली जाते. हातमोजा घातलेल्या एका हाताची दोन बोटं आत, दुसरा हात ओटीपोटावर. गर्भाशयाचं मुख हलक्या हाताने डावीकडे-उजवीकडे हलवायचं आणि त्या वेळी बाईच्या चेहऱ्याकडे पाहायचं. आत सूज असेल तर तिच्या कपाळावर आठी पडते, हात टेबलाची कड धरतो, कंबर आपोआप वर उचलली जाते. मुख हलवताना दुखणं, गर्भाशय दाबल्यावर दुखणं, बाजूच्या नलिका-बीजकोशांच्या जागी दुखणं, या तिन्हींपैकी एक जरी सापडलं आणि ओटीपोटातल्या दुखण्याचं दुसरं कारण दिसत नसलं, तर उपचार सुरू करायचा. ताप यायची वाट पाहायची नाही, कारण पुष्कळ बायकांना ताप येतच नाही. दुखणं सुरू झाल्यापासून तीन दिवसांच्या आत उपचार मिळाला की पुढचं नुकसान कमी होतं. आपल्याकडे दुखणं अंगावर काढायची सवय असल्याने हे तीन दिवस बहुधा घरातच निघून जातात.

किटमध्ये तीन औषधं असण्याला कारण आहे. सेफिक्झिम गोनोरियासाठी, डॉक्सिसायक्लिन क्लॅमिडियासाठी, आणि मेट्रोनिडाझोल हवेशिवाय वाढणाऱ्या जंतूंसाठी. गर्भनलिकेत हे जंतू बऱ्याचदा एकत्र सापडतात, म्हणून एखादंच औषध देऊन भागत नाही.

सेफिक्झिमची गोळी क्लिनिकमध्येच, समोर पाणी देऊन घ्यायला लावावी. उरलेल्या ५६ गोळ्या १४ दिवसांच्या: सकाळी न्याहारीनंतर दोन्हींपैकी एकेक, रात्री जेवणानंतर पुन्हा एकेक. सगळा घोटाळा होतो तो या दोन वेळांच्या तपशिलात.

डॉक्सिसायक्लिन पेलाभर पाण्यासोबत घ्यायचं आणि नंतर किमान अर्धा तास आडवं व्हायचं नाही. घोटभर पाण्याने गोळी घेऊन लगेच अंथरुणावर पडलं की ती अन्ननलिकेत चिकटते, तिथे जखम होते, दुसऱ्या दिवशी गिळताना छातीत दुखतं आणि ‘औषध मानवलं नाही’ म्हणून सगळंच बंद होतं. म्हणून रात्रीची गोळी झोपताना नको, जेवण उरकल्यावर भांडी घासायच्या आधी घ्यावी. दुसरी अडचण लोहाच्या गोळ्यांची. आपल्याकडे कितीतरी बायका रक्तवाढीसाठी त्या घेत असतात आणि लोह, कॅल्शियम, ॲसिडिटीचं औषध किंवा दूध सोबत गेलं तर डॉक्सिसायक्लिन पोटात बांधलं जातं, रक्तात नीट उतरत नाही. लोहाची गोळी दुपारी घ्यावी, म्हणजे दोन्हींत पुरेसं अंतर राहतं. दिवसभर शेतात असणाऱ्या बाईने पदर किंवा रुमाल चेहऱ्यावर ठेवावा, कारण या औषधावर असताना ऊन लवकर भाजतं.

मेट्रोनिडाझोलने तोंडाला धातूसारखी चव येते, मळमळतं, कधी लघवी गडद होते. हे आधी सांगितलेलं असेल तर बाई घाबरत नाही, न सांगितलेलं असेल तर तिसऱ्या दिवशी गोळ्या फडताळात जातात. औषध चालू असताना दारू अजिबात नको.

किटमध्ये वेदनाशामक नाही. सुरुवातीच्या तीन ते पाच दिवसांसाठी आयबुप्रोफेन ४०० मिलिग्रॅम, दिवसातून तीनदा जेवणानंतर, हे वेगळं लिहून द्यायचं असतं. दिलं नसेल तर मागून घ्यावं. आम्लपित्ताचा किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल तर तो आधी सांगावा.

चौथ्या-पाचव्या दिवशी दुखणं ओसरतं आणि इथेच सगळ्यात मोठी चूक होते. उरलेल्या गोळ्या ‘पुढच्या वेळेला’ म्हणून ठेवल्या जातात, नाहीतर जावेला दिल्या जातात. दुखणं थांबलं तरी नलिकेच्या आतल्या अस्तरातले जंतू संपलेले नसतात. भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज दोन खुणा करायच्या. २८ खुणा झाल्याशिवाय खोकं रिकामं झालं असं धरायचं नाही.

तिसऱ्या दिवशी परत बोलावणं हा या सेवेचा सर्वांत मोलाचा भाग आहे आणि आमच्या मते सर्वांत दुर्लक्षित. ७२ तासांत दुखणं स्पष्ट कमी व्हायला हवं. झालं नाही, तर निदान चुकलं आहे, नाहीतर नलिका-बीजकोशाजवळ पू साठला आहे, नाहीतर गोळ्या पोटात टिकत नाहीत. तेव्हा दुसरं पिवळं किट देऊन पाठवणं म्हणजे वेळ घालवणं. सोनोग्राफी करून दाखल करायला हवं.

काही बायकांना पहिल्या दिवशीही हे किट देऊ नये. गरोदर बाई, उलट्या होत असलेली बाई, खूप ताप असलेली बाई, बाजूला गाठ लागत असलेली बाई आणि अपेंडिक्सची शंका फिटत नसलेली बाई, या सगळ्यांना रुग्णालयात दाखल करून शिरेतून औषध लागतं. पाळी चुकली आहे, एका बाजूला कळ येते, चक्कर येते, खांदा दुखतो, असं असेल तर गर्भ नलिकेत रुजल्याची शक्यता धरून तातडीने हलवायचं. तिथे गोळ्यांचा काही संबंध नाही.

कॉपर-टी असलेल्या बाईची ती लगेच ओढून काढायची गरज नसते. आधी उपचार सुरू करायचा, दोन-तीन दिवसांत उतार पडला नाही तर काढण्याचा विचार करायचा. कॉपर-टीमुळे सूज येण्याचा धोका मुख्यतः ती बसवल्यानंतरच्या पहिल्या तीन आठवड्यांत असतो. पाच वर्षं जुन्या कॉपर-टीवर सगळा दोष टाकून नवऱ्याच्या तपासणीचा विषय गुंडाळू नये.

आता तो विषय. बाईला पिवळं किट मिळालं की गेल्या दोन महिन्यांतल्या जोडीदाराला राखाडी किट मिळायला हवं, त्याला काही त्रास नसला तरी. ‘मला काय धाड भरलीय?’ हे उत्तर ठरलेलं असतं. क्लॅमिडिया पुरुषातही बऱ्याचदा गुपचूप राहतो, त्यामुळे त्रास नसणं ही काही निरोगीपणाची खूण नाही. त्याने औषध घेतलं नाही तर बाईच्या ५७ गोळ्या फुकट जातात, कारण महिन्याभरात तोच संसर्ग परत येतो. दोघांचंही औषध संपेपर्यंत संबंध टाळावा, ते जमणारं नसेल तर निरोध वापरावा. जोडीदारासाठी क्लिनिकमधून चिठ्ठी मिळते. घरात मारहाणीची भीती असेल तर समुपदेशकाला ते मोकळेपणी सांगावं. आधी बाईची सुरक्षितता, मग चिठ्ठी. संसर्ग कोणी कोणाला दिला हे या तपासणीतून ठरत नाही, हेही दोघांना सांगितलं पाहिजे. तो शरीरात कितीतरी महिने लपून राहू शकतो.

पुन्हा पुन्हा सूज येण्याची किंमत स्वीडनमधल्या लुंड इथे वर्षानुवर्षं चाललेल्या अभ्यासाने दाखवली आहे. एकदा सूज आलेल्या बायकांपैकी साधारण ८ टक्के, दोनदा आलेल्यांपैकी साधारण २० टक्के आणि तीनदा किंवा अधिक वेळा आलेल्यांपैकी साधारण ४० टक्के बायकांच्या नलिका बंद होऊन मूल राहिलं नाही. नवऱ्याच्या त्या दोन औषधांचं मोल यावरून लक्षात यावं.

किटमध्ये उणं काय आहे, तेही सांगायला हवं. गोनोरियाचे जंतू औषधांना दाद देईनासे होत आहेत आणि तोंडाने घ्यायच्या सेफिक्झिमवरचा भरवसा जगभर कमी झाला आहे. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी रोगनियंत्रण संस्थेने २०१२ मध्ये गोनोरियासाठी त्याला पहिल्या पसंतीतून काढलं. त्यांच्या २०२१ च्या सूचनांत ओटीपोटाच्या सुजेसाठी सेफ्ट्रायॅक्झोन ५०० मिलिग्रॅमचं एक इंजेक्शन आणि सोबत १४ दिवस डॉक्सिसायक्लिन व मेट्रोनिडाझोल आहे. म्हणजे पुढचे १४ दिवस जवळजवळ सारखेच, फरक पहिल्या मात्रेचा. सेफ्ट्रायॅक्झोन आपल्याकडच्या रुग्णालयांत नेहमीच्या वापरातलं औषध आहे. जिल्हा रुग्णालयात किंवा स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जाणाऱ्या बाईने ‘गोळीऐवजी इंजेक्शन देता येईल का’ हे जरूर विचारावं. मायकोप्लाझ्मा जेनिटॅलियम हा जंतूही या किटला सहसा पुरून उरतो. पूर्ण उपचार होऊनही, जोडीदाराने औषध घेऊनही त्रास राहिला, तर तज्ज्ञांनी त्याचा विचार करावा.

पिवळं खोकं कधी उपलब्ध नसेल तर रिकाम्या हाताने परतू नये. तिन्ही औषधं साधी, जेनेरिक आहेत. डॉक्टरांकडून नावं, मात्रा आणि दिवस कागदावर लिहून घ्यावेत.

मेडिकलवर मिळणाऱ्या चार गोळ्यांच्या पाकिटाची तुलना या किटशी करू नये. त्यात फ्लुकोनाझोलची एक, अझिथ्रोमायसिनची एक आणि सेक्निडाझोलच्या दोन गोळ्या असतात. ‘पांढरं जातं’ एवढं काउंटरवर सांगितलं की ते पाकीट पुढे सरकतं. ओटीपोटाच्या सुजेवर ते उपचार नव्हे. गोनोरियासाठी त्यात भरवशाचं काही नाही, आणि नलिकेतल्या संसर्गाला एका दिवसाच्या गोळ्या पुरत नाहीत. त्याने चार दिवस बरं वाटतं आणि आतलं जळत राहतं, म्हणून ते आम्हाला औषध न घेण्यापेक्षाही काळजीचं वाटतं.

आणखी एक सावधगिरी क्षयरोगाची. दोनदा पूर्ण कोर्स होऊनही ओटीपोट दुखतंच आहे, पाळी कमी होत चालली आहे, मूल राहत नाही, वजन घटतंय, तर गर्भनलिकेच्या क्षयाची तपासणी झालीच पाहिजे. क्षयावर तिसरं, चौथं पिवळं किट देत राहणं ही आपल्या देशात परवडणारी चूक नाही.

डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांमध्ये ६५० बायकांची तपासणी केली आणि १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष मांडले. ९२ टक्के बायकांना स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार होता, आणि त्याआधी कधीतरी अशी तपासणी झालेल्या बायका जेमतेम ८ टक्के होत्या. तीस वर्षांनी, २०१९ मध्ये, बीडच्या ऊसतोड कामगार बायकांची सरकारी पाहणी झाली. ८२,३०९ पैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली होती. अंगावरून जाणं आणि ओटीपोट दुखणं या तक्रारी घेऊन गेलेल्या बायकांना थेट ऑपरेशन सांगितल्याच्या हकिगती तेव्हा पुढे आल्या. त्यांतल्या किती जणींचं दुखणं या ५७ गोळ्यांनी बरं झालं असतं, हा विचार आमच्या मनातून जात नाही. पांढरं जातं म्हणून कोणी पिशवी काढायला सांगितली, तर आधी स्पेक्युलमने पाहिलं का, दोन हातांची तपासणी केली का, पूर्ण १४ दिवसांचा उपचार झाला का, हे तीन प्रश्न विचारायचेच.

क्लिनिकच्या सेवेबद्दल थोडं. सुरक्षा क्लिनिक जिल्हा रुग्णालयांत आणि वैद्यकीय महाविद्यालयांत असतात. बऱ्याच ठिकाणी ते त्वचा व गुप्तरोग विभागाला जोडलेले असतात आणि ती पाटी वाचूनच बाई मागे फिरते. अशा वेळी स्त्रीरोगाच्या ओपीडीत केसपेपर काढावा, उपचार तिथूनही मिळतात. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून केसपेपरलाही पैसे पडत नाहीत. वैद्यकीय महाविद्यालयांत किरकोळ शुल्क असू शकतं. समुपदेशकाशी बोलणं बंद दाराआड व्हायला हवं. पुरुष डॉक्टर तपासणार असतील तर सोबत नर्स हजर हवी, आणि ती मागणं हा बाईचा हक्क आहे. लग्न झालंय का यावर उपचार अवलंबून नसतात. त्याच भेटीत गरमीसाठी (सिफिलिस) रक्ताची आरपीआर तपासणी होते आणि एचआयव्हीच्या तपासणीसाठी आयसीटीसी या समुपदेशन व तपासणी केंद्रात पाठवतात. एचआयव्हीची तपासणी संमतीनेच होते.

जाताना शेवटच्या पाळीची तारीख, आधी घेतलेल्या गोळ्यांच्या रिकाम्या स्ट्रिप आणि कॉपर-टी असेल तर तिचं कार्ड सोबत न्यावं. पेनिसिलिन किंवा कुठल्याही औषधाची ॲलर्जी असेल तर ती केसपेपरवर ठळक लिहायला लावावी. तपासणीआधी आत पाणी मारून धुऊ नये, कारण पाहायचा स्राव निघून जातो आणि जंतू वर ढकलले जातात. जवळचं क्लिनिक कुठे आहे ते १०९७ या मोफत क्रमांकावर नाव न सांगता विचारता येतं.